परत येण्याचा पुरावा

बहुतेक घोडचुका माणूस प्रेमापोटी करतो, आणि ज्या उरतात त्या शेजाऱ्यांना विचारून करतो. धांदलने दोन्हींचा योग एकदम साधला.

धांदल हे तिचं होस्टेलातलं नाव. परीक्षेच्या दिवशी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून गेली, आणि त्यातली एक तिची नव्हतीच, तेव्हापासूनचं. त्या खोलीत चार खाटा होत्या. एक धांदलची. दुसरी वकिलाची, जिने कायद्याचं पुस्तक आयुष्यात उघडलं नाही पण खानावळवाल्याशी वाद घालून रोज एक ताट जास्तीचं आणलं. तिसरी मास्तरणीची, जी तेव्हाही सगळ्यांना ओरडायची आणि पुढे त्याचाच पगार घ्यायला लागली. आणि चौथी मुकीची. मुकी झोपेतसुद्धा बोलायची, म्हणून मुकी.

ही मुकी लग्न करून युरोपातल्या एका शहरात गेली, नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागली आणि फोनवरून पूर्वीसारखीच बोलत राहिली. मग एके वर्षी ती आणि धांदल दोघींना बरोबरच दिवस गेले. व्हिडिओ कॉलवर दोघी बाजूला वळून पोटं दाखवायच्या. कोणाचं मोठं यावर वकील निकाल द्यायची. धांदलचं पिल्लू वेळेवर आलं, दणदणीत रडलं. मुकीचं बाळ दिवस भरत आलेले असताना पोटातच गेलं. त्यानंतर मुकीने तिचं नाव खरं करून दाखवलं. चौघींच्या ग्रुपवर तिच्या फक्त दोन निळ्या खुणा उमटत. ती वाचायची, आणि तेवढंच.

वर्ष सरून गेल्यावर एका रविवारी अचानक ग्रुपवर तिचा निरोप आला. ‘या ना इकडे. घर मोठं आहे. मला नीट बोलता येईल की नाही सांगता येत नाही, पण या.’

ते वाचून धांदल स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. भात करपला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

प्रश्न एकच होता. पिल्लू तेव्हा नुकतं भिंत सोडून चालायला लागलेलं, अजून अंगावर पिणारं. त्याला न्यायचं की ठेवायचं?

“ने की,” नवरा म्हणाला. “तुझ्याशिवाय राहतोय कुठे तो?”

“तिच्यासमोर? कडेवर घेऊन उभी राहू? जखमेवर मीठ चोळायला तिकीट काढून जाऊ?”

नवऱ्याने विषय तिथेच सोडला. पण भिंती पातळ होत्या आणि शेजारच्या काकूंचे कान जाड नव्हते. त्या वाटी मागायला आल्या आणि वाटी विसरून बसल्या.

“न्यायचा नाही हं बाळ. मुळीच नाही. अशा बाईच्या डोळ्यासमोर बाळ म्हणजे...” काकूंनी वाक्य सोडून दिलं आणि डोळे पुसले. काकूंचे डोळे जाहिरात बघतानाही भरून येतात, पण त्या वेळी ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

वरच्या मजल्यावरचे पेन्शनर काका एकदाच परदेशी जाऊन आले होते. तेव्हापासून परराष्ट्र खातं इमारतीपुरतं त्यांच्याकडे होतं. ते म्हणाले, “मोबाइलमधले फोटोसुद्धा काढून टाका. चुकून समोर यायला नकोत. आणि हो, तिकडे पाणी गरम मिळत नाही.”

एकूण काय, सगळ्या इमारतीचं एकमत झालं. ज्या एका बाईसाठी हे चाललं होतं, तिला विचारायचं तेवढं राहिलं. ते कोणाला सुचलंच नाही. आपण फार समजूतदार आहोत अशी एकदा खात्री पटली की विचारण्यासारखं काही उरत नाही.

मग व्हिसा. धांदल डेंटल लॅबमध्ये कामाला. दिवसभर भिंगाखाली लोकांच्या नकली दाढा कोरायची. दाढेवरची बारीकशी खाच तिच्या नजरेतून सुटत नसे, मात्र व्हिसाच्या फोटोत स्वतःच्या नाकावर पिल्लाने काढलेला ओरखडा तिला दिसला नाही. फोटो परत आला. दुसऱ्यात पिल्लाने उपटलेले केस कानावर आले होते, आणि कान दिसायलाच हवेत असा नियम. तिसऱ्यात कान होते, केस होते, पण ती हसत होती. हसायला मनाई होती.

चौथा फोटो घेऊन ती खिडकीशी गेली. काचेपलीकडच्या साहेबांनी सगळे कागद चाळले.

“तुम्ही परत याल, याचा पुरावा?”

“नोकरी आहे की माझी. पत्र जोडलंय.”

“नोकऱ्या लोक सोडतात हो.”

“घरी माझं वर्षाचं बाळ आहे!”

“त्याचा जन्मदाखला जोडला नाहीये तुम्ही.”

या वेळी, घरी पिल्लाची दूध प्यायची वेळ झाली होती म्हणून असेल, नाहीतर नुसतं त्याचं नाव निघालं म्हणून असेल, धांदलच्या कुर्त्यावर समोर एक ओला डाग पसरायला लागला. ती फाइल छातीशी धरेपर्यंत साहेबांनी पाहिलं. ते घाईघाईने खाली बघू लागले. नंतर त्यांनी काही न विचारता शिक्का मारला. तिच्या आयुष्यात सरकारी काम एवढ्या झटकन कधी झालं नव्हतं, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

निघताना पिल्लाने तिच्या पर्समध्ये आपलं रबरी बदक कोंबलं. दाबलं की ‘क्वँक’ करणारं. पिल्लू सगळ्याच गोष्टी सगळ्यांत कोंबत असे, त्यामुळे तिच्या लक्षात आलं नाही. ती दारातून मागे न बघता गेली, कारण मागे बघितलं असतं तर विमान तिच्याशिवाय उडालं असतं.

वकील आणि मास्तरीण विमानतळावर भेटल्या. तिथेच धांदलचा दूध काढायचा पंप तपासणीत सापडला. मोटर, नळी, बाटली. तपासणीवाल्या बाईंनी तो दोन बोटांत उचलून धरला. “हे काय आहे?” मागे रांग. धांदलने खुणेने सांगायचा प्रयत्न केला; त्या खुणांनी गैरसमज वाढलाच. शेवटी वकील पुढे झाली आणि आईपणाच्या हक्कांवर एवढ्या चढ्या आवाजात बोलली की सगळ्या रांगेला पंपाची समग्र माहिती झाली. त्याच वेळी पर्स यंत्रातून बाहेर आली आणि तिच्यातून आवाज झाला, ‘क्वँक’.

मुकी स्टेशनवर घ्यायला आली होती. गाडीतून तिघी उतरल्या. मुकीने एकेकीला मिठी मारली, पण डोळे त्यांच्या मागे डब्याच्या दाराकडे. अजून कोणी उतरायचं राहिलंय असं. दार बंद झालं, गाडी सुटली, तरी ती तिकडेच बघत होती. मग म्हणाली, “चला.”

पूर्वीच्या मुकीने स्टेशनपासून घरापर्यंत गाडीवाल्याच्या नातवंडांची नावंसुद्धा काढून घेतली असती. ही खिडकीबाहेर बघत होती. एकदाच ओठ मिटून हसली, आणि तेवढ्यात पुढच्या दातांच्या कडा धांदलला दिसल्या. सपाट झिजलेल्या. झोपेत दात खाणाऱ्या माणसाच्या असतात तशा. असले दात तिच्या टेबलावर साच्यांतून रोज यायचे. त्यांची माणसं मात्र कधी दिसायची नाहीत.

घर तिसऱ्या मजल्यावर, नीटनेटकं. मुकीचा नवरा मैत्रिणींना मोकळं घर मिळावं म्हणून आठवडाभर कामाच्या गावी गेलेला. बैठकीच्या खोलीत तीन गाद्या घातलेल्या. शेवटच्या खोलीचं दार लोटलेलं. मास्तरणीने ते पाहिलं आणि दोघींना डोळ्यांनी दटावलं. तिकडे जायचं नाही.

कट असा होता. ‘बाळ’ शब्द उच्चारायचा नाही. धांदलने पंप न्हाणीघरात लावायचा, आणि त्याची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून वकिलाने बाहेर केस वाळवायचं यंत्र चालवायचं. वकिलाचे केस कानापर्यंतच. दिवसातून चार वेळा ते वाळू लागले. पहिल्याच दिवशी मुकीने न्हाणीघराच्या दाराकडे बराच वेळ पाहिलं.

“धांदलचं पोट बिघडलंय का गं?” तिने विचारलं.

“हो!” मास्तरीण म्हणाली. शिकवताना उत्तर येत नसलं तरी ठाम बोलायची तिला सवय आहे. “फार बिघडलंय.”

झालं. संध्याकाळी टेबलावर लोण्यात परतलेले बटाटे, चीज, गरम पाव आणि फळांचा केक. धांदलपुढे मऊ भात. मीठ-साखरेचं पाणी.

“थोडासा बटाटा...” धांदल म्हणाली.

“अजिबात नाही,” मुकी म्हणाली. बटाट्यांची बशी तिने स्वतः उचलून दूर ठेवली.

अंगावर पाजणाऱ्या बाईची भूक काय असते ते तिचं तिलाच माहीत. दुसऱ्या दिवशीही मऊ भात. तिसऱ्या दिवशी त्याच्यात मीठही कमी. वकिलाने रुमालात चोरून आणलेला पावाचा तुकडा धांदलने एका जगप्रसिद्ध इमारतीमागे उभ्याने खाल्ला. ती इमारत तिला मागूनच आठवते.

तसं ते सगळं शहरच त्यांनी मागून पाहिलं. त्याला कारण बाबागाड्या. त्या गावात माणसं कमी आणि बाबागाड्या जास्त असाव्यात. एखादी दिसली की मास्तरीण ओरडायची, “अय्या, तो खांब बघा!” आणि सगळ्यांना पलीकडच्या फुटपाथवर न्यायची. बागेचं फाटक आलं की उजवीकडे, शाळा सुटायची वेळ झाली की डावीकडे. चौकातला गोल फिरणारा लाकडी घोड्यांचा पाळणा दिसताच त्या एका बँकेत घुसल्या आणि कामाशिवाय बाकावर बसून राहिल्या. मुकी नेतील तिकडे यायची.

अशा चालण्यात धांदलने पिल्लाला फोन लावायचे कोपरे शोधले. पुतळ्यामागे. दुकानाच्या कपडे बदलायच्या खोलीत. पडद्यावर पिल्लू फोनला चाटायचं, मग सासूबाईंचं कपाळ दिसायचं. एका संग्रहालयात, सगळीकडे टाचणी पडली तर ऐकू येईल अशा शांततेत, पर्स खांद्यावरून घसरली. ‘क्वँक.’

पहारेकऱ्याने पाहिलं. मुकीनेही पाहिलं.

“पोट,” धांदल म्हणाली.

“हो का,” मुकी म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी घरून नवऱ्याचा फोन आला. पिल्लाला ताप. फार नाही, डॉक्टर बघून गेलेत, पण सारखा दाराकडे बोट दाखवतोय. धांदल आडोसा शोधू लागली. न्हाणीघरात मास्तरीण आंघोळीला, बैठकीत वकील आणि मुकी. फोन कानाला लावून ती दिसेल त्या दारातून आत शिरली आणि पाठीने दार लोटून घेतलं. “काय रे माझ्या राजा,” ती फोनमध्ये कुजबुजली, “ये हं, आई येते हं...” आणि मग तिला समजलं की ती कुठल्या खोलीत आहे.

खिडकीशी लाकडी पाळणा. मुकीने वर्षभर ही खोली तशीच ठेवलीय, आणि आपण त्या खोलीत उभं राहून...

मग तिचं लक्ष गेलं. पाळण्याच्या कठड्यावर चढू पाहणाऱ्या मुलासाठी वरून पट्टी लावलेली होती. तान्ह्या बाळाला कठडा चढता येत नाही. टेबलाच्या कोपऱ्यांना कापूस बांधलेला. चालायला लागलेल्या मुलाचं कपाळ येतं त्या उंचीवर. छोटा पेला, दोन कानांचा. पायमोजे, खाली रबरी ठिपके असलेले, घसरू नये म्हणून. चादरीच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या.

“खालच्या शेजारणीकडून मागून आणला पाळणा,” मुकीचा आवाज आला. ती दारात उभी होती. “तिचा मुलगा मोठा झाला. मोजे मी आणले. मापाचा अंदाज केला. माझंही आता तेवढंच...” ती थांबली. “मला वाटलं, तू त्याला आणशील.”

फोनमधून नवरा “हॅलो, हॅलो” म्हणत होता. धांदलने फोन बंद केला. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडून निघालं ते असं:

“मग तू मला मऊ भात का घातलास?”

“राग आला होता.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“पोट बिघडलेलं माणूस ताट चाटूनपुसून स्वच्छ करत नाही, धांदल. आणि तो आवाज...” मुकी पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. “तो आवाज मला पाठ आहे. वकिलाने एक सोडून दहा यंत्रं लावली असती तरी ओळखला असता. मलाही दूध आलं होतं गं. बाळ नव्हतं, आणि दूध आलं. ते येणार आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच न्हाणीघरात उभी राहून मी ते काढायची आणि बेसिनमध्ये ओतायची. कोणाला सांगू? फोन केला की सगळ्या हवापाण्याचं बोलायच्या.”

वकील आणि ओल्या केसांची मास्तरीण दारात येऊन उभ्या होत्या. मास्तरणीच्या केसांतून जमिनीवर पाणी ठिबकत होतं आणि ते कोणी पुसत नव्हतं.

“आम्हाला वाटलं, तुला त्रास होईल,” मास्तरीण म्हणाली. तिचा आवाज वर्गातला नव्हता.

“आणि ते रस्ते?” मुकी म्हणाली. “नकाशे काढते मी. सगळ्या बागा, शाळा, खेळण्यांची दुकानं चुकवून या गावात कसं चालायचं ते तुमच्याआधी मी शोधलंय. वर्षभर त्याच रस्त्यांनी चालतेय. तुम्ही आलात, तर वाटलं कोणीतरी हाताला धरून दुसऱ्या रस्त्याने नेईल. तुम्ही पण आपल्या मी जिथे लपते त्याच बँकेत घेऊन गेलात.”

वकील दारातून आत आली. ती नुसतीच खाली बसली, पाळण्याच्या पायाशी. मग सगळ्याच बसल्या. धांदल रडली. खरं म्हणजे तिने रडायचं नव्हतं, हक्क मुकीचा होता, पण रडण्याच्या बाबतीतही तिची धांदलच.

“फोन लाव,” मुकीच म्हणाली.

पिल्लाचे गाल तापाने लाल, नाक वाहतंय. मुकीने फोन दोन्ही हातांत धरला. तिने बोटाने पडदा पुसला, आणि बाकीच्या तिघी बघत राहिल्या मुकीकडे.

“काय रे,” ती म्हणाली, “ताप आणलास होय? आईला बोलवायची ही काय रीत झाली? आणि नाक कोण पुसणार, मी? इथून? आजीला सांग, आजी कुठाय? ते बघ, इकडे तुझा पाळणा, हे मोजे, चांगली आठ दुकानं फिरून आणले मी, आणि तू नवाबासारखा तिकडे...”

ती बोलत राहिली. मध्येच आवाज फुटायचा, तशीच पुढे बोलायची. पिल्लू अवाक होऊन ऐकत होतं. सासूबाईंचं कपाळ पडद्यावर आलं आणि तसंच थांबून राहिलं.

फोन ठेवून मुकीने मोज्यांची घडी घातली. मग मास्तरणीने विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं.

“नाव काय ठेवणार होतीस गं?”

“ठेवलं होतं,” मुकी म्हणाली. “मुलगी होती.”

आणि तिने नाव सांगितलं. ते नाव त्या खोलीत चौघींनी एकेकदा उच्चारलं, आधी हलकेच, मग नीट. वकिलाने तिच्या सवयीप्रमाणे विचारलं, कोणी सुचवलं, अर्थ काय, आणखी कुठली नावं स्पर्धेत होती. मुकीने सगळं सांगितलं. नवऱ्याला दुसरंच नाव हवं होतं. त्यावरून भांडण झालं होतं. ते भांडण सांगताना ती किंचित हसलीसुद्धा, आणि हसताना ओठ मिटायचे असतात हे विसरली, मग आठवून तिने ते पुन्हा मिटले.

त्या संध्याकाळी धांदलला बटाटे मिळाले. मुकीने स्वतः तिच्या ताटात तिसऱ्यांदा वाढले. दुसऱ्या दिवशी चौघी बागेवरून चौकात गेल्या. फार वेळ नाही. लाकडी घोड्यांसमोरच्या बाकावर बसल्या, मुकीने दोघींचे हात घट्ट धरले, आणि एक फेरी पूर्ण व्हायच्या आत म्हणाली, “बास. आज एवढंच.” मग त्या घरी आल्या. ते काही मोठं धैर्याचं वगैरे नव्हतं. रस्ता नवीन होता, इतकंच.

निघायच्या दिवशी स्टेशनवर पुन्हा तोच फलाट. गाडी लागलेली. मुकीने तिघींच्या बॅगा चढवून दिल्या. धांदल पायरीवर उभी.

“पाळणा देऊन टाकशील शेजारणीला?” धांदलने विचारलं.

“बघू.” मुकी बॅगेचा पट्टा उगीच नीट करत होती. “परत येशील?”

“येईन.”

“असंच म्हणतात सगळे.”

खिडकीमागच्या साहेबांनीही असंच काहीसं म्हटलं होतं. धांदलने पर्समध्ये हात घातला. जन्मदाखला आताही जोडलेला नव्हता. रुमाल, किल्ल्या, पंपाची नळी, आणि तळाशी ते बदक. चोच चावून चावून झिजलेली, एका डोळ्याचा रंग गेलेला. त्याच्याशिवाय पिल्लू नीट झोपत नाही हे तिला माहीत होतं. तिने ते मुकीच्या हातात ठेवलं.

“हे घ्यायला यावंच लागेल. तो स्वतःच येईल. त्याचे मोजेही राहिलेत इथे.”

मुकीने बदक उलटंसुलटं करून पाहिलं. चोचीवरच्या दातांच्या खुणांवरून तिने बोट फिरवलं. चार वरचे, दोन खालचे.

गाडी हलली. मुकी फलाटावर लहान होत चालली. मग त्या सगळ्या गंभीर, कोट घातलेल्या, आपापल्या गाडीची वाट बघणाऱ्या लोकांमध्ये तिने ते बदक जोरात दाबलं, आणि एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्रासकट दचकले. मुकी हसत होती. तोंड उघडं टाकून, झिजलेले सगळे दात दिसेपर्यंत. ती हसत होती की रडत होती ते धांदलला लांबून ओळखता आलं नाही. बदकाचा आवाज मात्र स्टेशन संपेपर्यंत येत राहिला.